पाठ १८ : फाटकाची किल्ली कोणाकडे?

या पाठात एक संवाद आहे आणि एक लेख आहे. संवादात माणसे बोलतात तशी भाषा आहे. लेखात पुस्तकात असते तशी भाषा आहे. दोन्हींमधला फरक शोधत वाचा.

वाचण्यापूर्वी

१. तुमच्या शाळेच्या किंवा क्लबच्या संघाचा कोच कधी बदलला आहे का? त्यानंतर संघ सुधारला का?
२. संघ सतत हरत असेल, तर दोष कोणाचा? खेळाडूंचा, कोचचा, की आणखी कोणाचा?

वाचताना लागणारे शब्द

मोसम – खेळाचे एक वर्ष. इंग्लंडमध्ये फुटबॉलचा मोसम ऑगस्ट ते मे असा असतो
हंगामी – थोड्या दिवसांपुरता
करार – दोन बाजूंनी सही करून दिलेला शब्द
राजीनामा – स्वतःहून पद सोडल्याचे पत्र
हकालपट्टी – पदावरून काढून टाकणे
सल्लागार – सल्ला देणारा
अधिकार – निर्णय घेण्याचा हक्क

भाग १ : चार-शून्य

(शनिवारची दुपार. लँकशायरमधले एक घर. नात फुटबॉलची मॅच खेळून आली आहे. चिखलाने भरलेले बूट दाराबाहेर आहेत. आजोबा पुण्याहून सहा आठवड्यांसाठी आले आहेत.)

आजोबा : काय गं, चेहरा का पडलाय? हरलात वाटतं?

नात : चार-शून्य. आणि आता कोच पण जाणार. सगळे पालक म्हणतायत, नवीन कोच आणा.

आजोबा : अगं, हा ऑक्टोबरमध्येच तर आला ना?

नात : हो ना! हा या वर्षातला दुसरा. आता तिसरा येणार.

आजोबा : तुला काय वाटतं? कोच वाईट आहे का?

नात : माहीत नाही. तो मला सांगतो, मागे थांब, डिफेन्स कर. पण एका मुलीचे बाबा क्लबच्या कमिटीवर आहेत. ते कडेला उभे राहून ओरडतात, "पुढे जा, पुढे जा!" मी कोणाचं ऐकू?

आजोबा : हं. म्हणजे आमच्या सोसायटीसारखंच झालं.

नात : सोसायटीत काय झालं?

आजोबा : चोऱ्या व्हायला लागल्या. आधी सायकली गेल्या, मग पाण्याचा पंप गेला. कमिटीने वॉचमन बदलला. चोऱ्या चालूच. परत बदलला. वर्षात तीन वॉचमन झाले! शेवटी एका आजींनी विचारलं, "मागच्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते?" चेअरमन म्हणाले, सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी म्हणाले, चेअरमनकडे. आणि फाटक रोज रात्री उघडंच!

नात : (हसून) मग बिचाऱ्या वॉचमनचा काय दोष?

आजोबा : तेच तर. वड्याचं तेल वांग्यावर! तुमच्या इथल्या ब्लॅकबर्नच्या क्लबचंही असंच झालं. तो तर आमच्या पुण्याच्या लोकांनी विकत घेतलेला.

नात : व्हेंकीज! माहीत आहे मला. वर्गातला एक मुलगा सारखं म्हणतो, "तुझ्या पुण्याच्या लोकांनी आमचा क्लब बुडवला." मला राग येतो. पण नक्की काय झालं ते मला माहीतच नाही. मी काय उत्तर देणार?

आजोबा : मग आधी माहिती करून घेऊ. उत्तर नंतर.

भाग २ : जुना क्लब, नवे मालक

ब्लॅकबर्न हे लँकशायरमधले जुने गाव. एके काळी ते कापडाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब १८७५ मध्ये सुरू झाला. १८८८ मध्ये फुटबॉल लीग स्थापन झाली, तेव्हाच्या पहिल्या १२ क्लबांपैकी हा एक. त्याच्या मैदानाचे नाव ईवूड पार्क. क्लबच्या चिन्हावर लॅटिन भाषेत एक बोधवाक्य आहे. त्याचा अर्थ 'कौशल्याने आणि कष्टाने'.

जॅक वॉकर हे याच गावचे उद्योगपती. त्यांनी क्लबमध्ये भरपूर पैसा घातला आणि १९९५ मध्ये ब्लॅकबर्नने प्रीमियर लीग जिंकली. २००० साली वॉकर वारले. पुढे क्लब विकायला निघाला.

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्हेंकीज समूहाने तो सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. व्हेंकीजचा मुख्य व्यवसाय कोंबड्यांचा. समूहाच्या प्रमुख अनुराधा देसाई आणि त्यांचे भाऊ व्यंकटेश राव व बालाजी राव हे क्लबचे नवे मालक झाले. भारतीय कंपनीने प्रीमियर लीगमधला क्लब विकत घेण्याची ही पहिलीच वेळ होती. पुण्यात कौतुक झाले. पुढच्या वर्षी ब्लॅकबर्नचा संघ पुण्यात बालेवाडीला मैत्रीपूर्ण सामना खेळायलाही गेला.

पण ईवूड पार्कमध्ये गडबड आधीच सुरू झाली होती. इंग्लंडमध्ये संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला 'मॅनेजर' म्हणतात. तेव्हाचे मॅनेजर होते सॅम अ‍ॅलर्डाइस. संघ २० पैकी तेराव्या क्रमांकावर होता. म्हणजे फार वर नाही, पण धोक्यातही नाही. तरीही क्लब घेतल्यानंतर महिन्याभरातच, १३ डिसेंबर २०१० रोजी, मालकांनी त्यांना तडकाफडकी काढले. त्यांच्या जागी संघातलेच एक प्रशिक्षक स्टीव्ह कीन आले. त्यांनी याआधी कुठल्याही मोठ्या क्लबचे मॅनेजरपद सांभाळले नव्हते. थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी २०११ मध्ये, अनेक वर्षे क्लब चालवणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स यांनीही पद सोडले.

इथे थांबून विचार करा. दोन-तीन महिन्यांत क्लबचे मालक बदलले, मॅनेजर बदलला आणि अध्यक्षही गेले. क्लब कसा चालतो, हे ज्यांना माहीत होते, ती माणसे एकामागून एक निघून गेली.

भाग ३ : मैदानावर कोंबडी

प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात. मोसमाच्या शेवटी खालचे तीन संघ खालच्या लीगमध्ये घसरतात. खाली गेले की टीव्हीचे पैसे कमी होतात, चांगले खेळाडू विकावे लागतात आणि कधी कधी क्लबमधल्या साध्या नोकऱ्याही जातात. म्हणून घसरण हा फक्त खेळाचा प्रश्न नसतो. तो गावाचाही प्रश्न असतो.

पहिल्या वर्षी ब्लॅकबर्न शेवटच्या दिवशी वाचला. दुसऱ्या वर्षी मात्र हाल झाले. प्रेक्षक "कीन जा" म्हणून घोषणा देत होते. त्यांना घरच्या मैदानावर रोज शिव्या ऐकाव्या लागत. तरी संघात जीव नव्हता असे नाही. ३१ डिसेंबर २०११ रोजी शेवटच्या क्रमांकावरच्या याच संघाने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ३-२ असे हरवले. त्या दिवशी युनायटेडचे मॅनेजर सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचा सत्तरावा वाढदिवस होता!

पण एक दिवस चांगला गेला म्हणून वर्ष चांगले जात नाही. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्ध सामना होता. कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडली. लोक हसले, पण ते हसणे रागाचे होते. शेवटची काही मिनिटे उरली असताना विगनने गोल केला. ब्लॅकबर्न ०-१ असा हरला आणि सलग ११ वर्षांनंतर प्रीमियर लीगमधून बाहेर पडला.

भाग ४ : एका मोसमात पाच माणसे

पुढचा मोसम २०१२-१३. आता संघ चॅम्पियनशिप या दुसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये होता. त्या एका मोसमात संघ कोणाकोणाच्या हातात होता, ते पाहा.

१. स्टीव्ह कीन – २८ सप्टेंबर २०१२ रोजी राजीनामा.
२. एरिक ब्लॅक – हंगामी, ऑक्टोबर अखेरपर्यंत.
३. हेनिंग बर्ग – ३१ ऑक्टोबर ते २७ डिसेंबर. ५७ दिवस, १० सामने, एकच विजय.
४. गॅरी बॉयर – हंगामी, काही आठवडे.
५. मायकेल अ‍ॅपल्टन – ११ जानेवारी ते १९ मार्च २०१३. ६७ दिवस.
मग पुन्हा गॅरी बॉयर – आधी हंगामी, मे महिन्यात कायम.

प्रत्येक मॅनेजर आपली पद्धत घेऊन येतो. एक म्हणतो, चेंडू लांब मारा. दुसरा म्हणतो, जवळ जवळ पास द्या. एकाला आवडलेला खेळाडू दुसऱ्याला नको असतो. ५७ दिवसांत खेळाडूंना नवी पद्धत जेमतेम कळते, तोच सर्व बदलते. मग खेळाडू कोणाचेच मनापासून ऐकत नाहीत. "हेही जातील," असे त्यांना वाटू लागते.

मॅनेजरच्या वर तरी एकमत होते का? नाही. मालक सुमारे सात हजार किलोमीटर दूर पुण्यात. ब्लॅकबर्नमध्ये व्यवस्थापकीय संचालक डेरेक शॉ. शिवाय शेबी सिंग हे 'जागतिक सल्लागार'. ते मलेशियाचे माजी फुटबॉलपटू आणि टीव्हीवरचे समालोचक. अंतिम शब्द नक्की कोणाचा, हे बाहेरच्या लोकांना कळत नव्हते. मराठीत म्हण आहे : एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. इथे तर त्याहून जास्त होत्या.

भाग ५ : न्यायालयात

हेनिंग बर्ग हे १९९५ च्या विजेत्या ब्लॅकबर्न संघातले खेळाडू. त्यांना ५७ दिवसांत काढले खरे, पण त्यांचा करार बराच लांबचा होता. करार आधी मोडला तर उरलेल्या काळाचा पगार द्यायचा, असे त्यात लिहिले होते. ही रक्कम होती साडेबावीस लाख पौंड.

पैसे मिळाले नाहीत म्हणून बर्ग न्यायालयात गेले. आधी क्लबने रक्कम देणे लागतो असे मान्य केले होते. नंतर क्लब म्हणाला की, व्यवस्थापकीय संचालकांना असा करार करण्याचा अधिकारच नव्हता! म्हणजे सही क्लबच्याच माणसाची, आणि क्लबच म्हणतो की ती सही चालणार नाही. २०१३ च्या वसंतात न्यायाधीशांनी हे ऐकून घेतले नाही. बर्ग जिंकले.

साडेबावीस लाखांना ५७ ने भागले, तर कामाच्या एका दिवसामागे सुमारे ३९ हजार पौंड होतात. मैदानावर ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तोच प्रश्न शेवटी न्यायालयात उभा राहिला : निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा? फाटकाची किल्ली कोणाकडे?

भाग ६ : खाली जाऊन वर

गॅरी बॉयर यांनी संघ सावरला. त्यांना अडीच वर्षे मिळाली. त्या काळात दोन मोसमांत संघ आठवा आणि नववा आला. पण क्लबने उत्पन्नापेक्षा जास्त खर्च केला होता, म्हणून नवे खेळाडू विकत घेण्यावर बंदी आली. नोव्हेंबर २०१५ मध्ये बॉयर यांनाही डच्चू मिळाला. मग पॉल लॅम्बर्ट आले आणि गेले. मग ओवेन कॉइल आले आणि गेले.

फेब्रुवारी २०१७ मध्ये टोनी मोब्रे आले, तेव्हा संघ घसरणीच्या उंबरठ्यावर होता. शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्नने ब्रेंटफर्डला ३-१ असे हरवले. तरीही गोलांच्या फरकामुळे तो तिसऱ्या पायरीवरच्या लीग वनमध्ये घसरला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब इतक्या खाली जाण्याची ती पहिलीच वेळ.

आता सगळ्यांना वाटले, मोब्रेही जाणार. पण या वेळी त्यांना काढले नाही. पुढच्याच मोसमात, २०१८ मध्ये, संघ दुसरा आला आणि चॅम्पियनशिपमध्ये परतला. मोब्रे २०२२ पर्यंत, म्हणजे पाचहून अधिक वर्षे राहिले.

मग यातून 'मॅनेजरला कधीच काढू नये' असे शिकायचे का? तसे नाही. स्टीव्ह कीन यांना भरपूर वेळ मिळाला होता, तरी संघ घसरला. बर्ग यांना वेळच मिळाला नाही, तरीही संघ सुधारला नाही. म्हणजे प्रश्न फक्त लवकर की उशिरा हा नाही. निर्णय कोण घेतो, त्या माणसाला खेळातले किती कळते आणि घेतलेल्या निर्णयामागे सगळे उभे राहतात का, हे खरे प्रश्न आहेत.

भाग ७ : मग उत्तर काय?

नात : म्हणजे तो मुलगा बरोबरच म्हणतो? पुण्याच्या लोकांनी क्लब बुडवला?

आजोबा : मालकांच्या मोठ्या चुका झाल्या. ते मान्य करायचं. आपल्या गावचे म्हणून झाकायचं नाही. पण त्यांनी पुढे अनेक वर्षं पदरचे पैसे घालून क्लब चालवला, हेही खरं. आणि मला सांग, असं फक्त पुण्याच्या मालकांचंच होतं का?

नात : नाही. संडरलंडचे मालक अमेरिकन होते. ते तर २०१७ आणि २०१८ मध्ये ओळीने दोनदा घसरले. आणि वॉटफर्डचे मालक इटालियन आहेत. त्यांनी २०२१-२२ मध्ये तीन मॅनेजर वापरले, तरी घसरलेच.

आजोबा : बघ! तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणजे प्रश्न पासपोर्टचा नाही.

नात : किल्लीचा आहे.

आजोबा : शाबास!

नात : आजोबा, सोमवारी आमच्या क्लबची मीटिंग आहे. मुलींना पण बोलायला देणार आहेत. मी विचारू का, टीम कोण ठरवणार, कोच की कमिटी?

आजोबा : विचार की! पण त्या मुलीच्या बाबांकडे बोट दाखवू नकोस. फक्त प्रश्न विचार.

नात : आणि ते चिडले तर?

आजोबा : चिडतील थोडे. आमचे चेअरमन पण चिडले होते. पण दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लागलं.

म्हणी आणि वाक्प्रचार

वड्याचे तेल वांग्यावर काढणे – एकाचा राग किंवा दोष दुसऱ्यावर काढणे
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत – एका जागी दोन प्रमुख टिकत नाहीत
चेहरा पडणे – दुःखी किंवा निराश दिसणे
डच्चू देणे – काढून टाकणे (खेळाच्या बातम्यांत हा शब्द नेहमी येतो)
उंबरठ्यावर असणे – एखादी गोष्ट अगदी घडण्याच्या बेतात असणे
पदरचे पैसे – स्वतःचे पैसे

भाषेकडे लक्ष द्या

१. लिहिताना आपण 'झाले, गेले, कोणाचे' असे लिहितो. बोलताना 'झालं, गेलं, कोणाचं' असे म्हणतो. भाग १ मधून बोलण्याची पाच रूपे शोधा आणि त्यांची लिखित रूपे लिहा.

२. 'पडलाय' म्हणजे 'पडला आहे'. 'म्हणतायत' म्हणजे 'म्हणत आहेत'. आता सांगा : 'आलाय', 'बघतायत', 'खेळतोय' म्हणजे काय?

३. इंग्रजीत मिलियन मोजतात, मराठीत लाख आणि कोटी. १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १० मिलियन. पाठातल्या दोन रकमा मिलियनमध्ये सांगा.

प्रश्न

१. अ‍ॅलर्डाइस यांना काढले तेव्हा संघ कितव्या क्रमांकावर होता? त्यावरून तुम्हाला काय वाटते?
२. बर्ग यांच्या खटल्यात क्लबने काय सांगितले? न्यायालयात कोण जिंकले?
३. लेखकाने कीन आणि बर्ग या दोघांची उदाहरणे शेजारी का ठेवली आहेत?
४. सोसायटीच्या गोष्टीत वॉचमन कोण, चेअरमन कोण? ब्लॅकबर्नच्या गोष्टीशी जोड्या लावा.
५. आजोबा म्हणतात, "आपल्या गावचे म्हणून झाकायचं नाही." तुम्हाला हे पटते का? कारण सांगा.

बोला

जोडीने संवाद करा. एकाने वर्गातला मुलगा व्हा, एकाने नात. मुलगा म्हणतो, "तुझ्या पुण्याच्या लोकांनी आमचा क्लब बुडवला." न चिडता, पाठातली निदान तीन तथ्ये वापरून उत्तर द्या.

लिहा

सोमवारच्या मीटिंगमध्ये काय झाले असेल? नातीने आजोबांना फोनवर काय सांगितले, ते १० ओळींत लिहा. आधी बोलीभाषेत लिहा, मग त्यातल्या पाच ओळी लिखित भाषेत करा.